हलक्या जमिनीतला हिवाळी गहू आणि ल्युपिन: बेवड, पाणी आणि नत्र सांभाळण्याची रीत

गहू निसवला आणि दाण्यात चीक भरू लागला की हलक्या जमिनीचे शेत आपला खरा नकाशा दाखवते. वाळूच्या उंचवट्यावरचे पीक आधी निळसर-करडे दिसते, दुपारी पाने सुरळीसारखी गुंडाळून घेते आणि आठ-दहा दिवसांत पांढरे पडते. खोलगटातला गहू तेव्हा हिरवागार असतो. त्या पांढऱ्या पट्ट्यातली एक ओंबी तळहातावर चोळून पाहा. दाणे आहेत, पण पोट खपाटीला गेलेले, सुरकुतलेले. म्हणजे उगवण झाली, फुटवे आले, ओंब्याही आल्या. फक्त शेवटचे दोन-तीन आठवडे मुळांना पाणी पुरले नाही.

या जमिनीतली जवळजवळ प्रत्येक मशागतीची चूक याच आठवड्यांत वसूल होते. म्हणून इथे कोणतेही काम करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: याने मुळांच्या आवाक्यातले पाणी आणि नत्र (नायट्रोजन) वाढेल की गळून जाईल? खत किती टाकायचे हा त्यानंतरचा प्रश्न. दुसरे म्हणजे, गहू आणि ल्युपिन (हलक्या जमिनीत येणारे, शेंगा धरणारे द्विदल पीक) यांचा हिशेब वेगवेगळा मांडू नका. ल्युपिनचे मोल त्याच्या स्वतःच्या दाण्यात जेवढे आहे, तेवढेच त्याच्या बेवडावर, म्हणजे ते निघाल्यावर त्याच शेतात येणाऱ्या गव्हात आहे.

आधी पाण्याचा हिशेब. एक मीटर खोलीची वाळूची जमीन पिकाला घेता येईल असे साधारण २५ ते १०० मिलिमीटर पाणी धरते, पोयटा १०० ते १७५ मिलिमीटर. ऐन भरात गहू दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी ओढतो. मुळे ६० सेंटिमीटरवरच अडकली असतील आणि तेवढ्या थरात ४५ मिलिमीटर पाणी असेल, तर पाऊस थांबल्यावर नऊ-दहा दिवसांत साठा संपला. तीच मुळे एक मीटरपर्यंत गेली तर आणखी आठवडाभर निभावते. १९८४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की सगळे नीट जुळून आले तर गहू पाण्याच्या दर मिलिमीटरमागे हेक्टरी २० किलोपर्यंत दाणा देऊ शकतो. १५ किलोच धरा. नुसते २० मिलिमीटर पाणी वाचवले तरी हेक्टरी तीन क्विंटल गहू झाला.

पायरी पहिली: खड्डा खणा

नकाशे आणि अहवाल नंतर बघू. पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले, वाफसा आला (माती ना चिंब, ना कोरडी) की कुदळ-फावडे घेऊन शेतात तीन जागी जा: एक चांगली, एक मध्यम, एक सर्वांत वाईट. गुडघ्याएवढा खड्डा खणा आणि त्याची एक बाजू चाकूने साफ करा.

मूठभर ओली माती दाबून गोळा करा. गोळा होतच नसेल तर ती निखळ वाळू. गोळा होतो पण बोटाने टोचताच ढासळतो, तर वाळूमिश्रित. गोळ्याची जाडसर वळी वळता आली तर जमिनीत थोडी चिकणमाती आहे, आणि गव्हाला तेवढा आधारही मोठा असतो.

मग चाकूचे टोक वरून खाली दर पाच सेंटिमीटरवर खुपसत जा. बहुतेक हलक्या शेतांत वीस ते चाळीस सेंटिमीटरच्या दरम्यान चाकू अचानक अडतो. हा चाकांनी आणि नांगराच्या तळाने घट्ट केलेला थर. मुळे पाहिली की खात्री पटते: सरळ खाली आलेले मूळ या थरावर काटकोनात वळून आडवे पसरलेले असते. अशा जमिनीत खालच्या अर्ध्या मीटरमध्ये पाणी असूनही पीक तहानेने जाते. वाळूला भेगा पडत नाहीत, ती फुगत-आकसत नाही, त्यामुळे हा थर आपोआप कधीच मोकळा होत नाही.

सामू (pH, जमिनीची आम्लता) तपासायला माती पाठवताना एकच सरमिसळ नमुना पाठवू नका. ०-१०, १०-२० आणि २०-३० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे ठेवा. वरच्या थराला चुना मिळून तो ठीक असतो आणि खाली आम्लता दडून बसलेली असते, हे हलक्या जमिनीत नेहमीचे. सामू ५ च्या बराच खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळते आणि गव्हाची मुळे आखूड, जाड होतात.

शेवटची चाचणी कोरड्या मातीवर करायची. पृष्ठभाग हलकेच सपाट करून पाण्याचा एक थेंब सोडा. पाच सेकंदांत तो मुरला तर काळजी नाही. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला, तर वाळूच्या कणांवर पालापाचोळ्यातून आलेल्या मेणासारख्या द्रव्याचा लेप आहे. अशा शेतात पाऊस पडतो, पण पाणी ठरावीक वाटांनीच खाली जाते, बियाणे कोरडे राहते आणि उगवण ठिपक्याठिपक्यांनी होते. तिथे सरीच्या तळाशी, जिथे पाणी जमते तिथे पेरावे, आणि जुन्या ओळीच्या शेजारी पेरल्यास उगवण सुधारते, कारण कुजलेल्या मुळांच्या वाटेने पाणी आत शिरते.

पायरी दुसरी: कोणते ल्युपिन?

शेतीत मुख्यतः तीन ल्युपिन आहेत. पिवळे ल्युपिन सर्वांत गरीब आणि आम्लधर्मी वाळूतही तग धरते. अरुंद पानांचे, ज्याला निळे म्हणतात, ते हलक्या आम्ल ते उदासीन जमिनीचे भरवशाचे पीक. खोल वाळूत त्याचे सोटमूळ दोन मीटरपर्यंत जाते. पांढऱ्याचा दाणा टपोरा आणि उत्पादनाची क्षमता मोठी, पण त्याला थोडी बरी जमीन आणि लांब हंगाम लागतो. पांढऱ्याची एक खासियत आहे: स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की त्याच्या मुळांवर बाटलीच्या ब्रशसारखे घोस येतात. त्या घोसांतून सायट्रिक आम्ल पाझरते आणि मातीत अडकून पडलेला स्फुरद मोकळा होतो.

चुनखडीची जमीन मात्र तिघांनाही मानवत नाही. तिथे कोवळी पाने पिवळी पडतात आणि पीक खुरटते. असे शेत असेल तर ल्युपिनचा नाद सोडून दुसरे द्विदल घ्या. हट्टाने घेतलेल्या पिकाचा बेवडही मिळत नाही.

जुन्या वाणांच्या दाण्यात अल्कलॉइड असल्याने ते कडू आणि विषारी असत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी हजारो झाडे तपासून कमी अल्कलॉइडची, म्हणजे गोडी झाडे शोधून काढली. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी अरुंद पानांच्या ल्युपिनमध्ये गोडेपणा आणि न फुटणारी शेंग एकत्र आणली, आणि तिथल्या वालुकामय पट्ट्यात गहू-ल्युपिन फेरपालट रुजली. दाणा खाण्यासाठी किंवा जनावरांसाठी विकायचा असेल तर गोडे, प्रमाणित बियाणेच घ्या. कडव्या झाडांशी संकर झाला की पुढच्या पिढीत कडूपणा परत डोके वर काढतो.

हलक्या जमिनीवर ल्युपिनने काय साधते, हे या सगळ्याच्या आधीच कळले होते. जर्मनीतल्या आल्टमार्क भागात आल्बर्ट शुल्ट्झ यांनी १८५५ साली लुपित्स नावाची वालुकामय जमीनदारी घेतली आणि ल्युपिन, चुनखडीयुक्त माती व पालाश (पोटॅश) यांच्या जोरावर ती उभी केली. ल्युपिननंतरचे धान्य सरस येते हे त्यांना शेतात दिसत होते. त्याचे कारण १८८६-८८ मध्ये हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी सिद्ध केले: मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात.

पायरी तिसरी: चुना कधी टाकायचा

इथे बरेच जण फसतात. गव्हाला हलक्या जमिनीत ५.५ ते ६ च्या आसपासचा सामू पुरेसा असतो, तो टिकवायला मधूनमधून चुना लागतोच. पण ल्युपिनच्या तोंडावर चुना टाकला तर ल्युपिन बिघडते. म्हणून क्रम असा ठेवा: ल्युपिन काढल्यावर आणि गहू पेरण्यापूर्वी चुना. पुढचे ल्युपिन येईपर्यंत तीन-चार वर्षे जातात, तोवर त्याचा जोर ओसरतो.

एका वेळी थोडाच टाका. वाळूत चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ कमी, त्यामुळे सामू झटकन वर जातो आणि तितक्याच झटकन खाली येतो. एकदम जास्त चुना पडला की मँगेनीज पिकाला मिळेनासे होते. गव्हाची पाने फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसतात आणि मऊ होऊन लोंबतात.

उलट बाजूचा धडा इंग्लंडमधल्या वोबर्नच्या वालुकामय शेतातून मिळाला. तिथे १८७६ पासून त्याच जागी दरवर्षी गहू आणि जव घेतले जात होते. ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले त्यांची जमीन इतकी आम्ल झाली की पीकच उभे राहीना. नत्र कमी नव्हता. मुळांना तो घेता येत नव्हता.

पायरी चौथी: नांगरायचे की नाही

हलक्या जमिनीत या प्रश्नाचे ठाम एका शब्दाचे उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. दोन्ही बाजूंना खरे काहीतरी आहे.

नांगरट केली की तण आणि आधीच्या पिकाचे रोगट धसकट गाडले जाते, जमीन सैल होते, मूळ सहज उतरते. पण उलथलेल्या वाळूतून ओल उडते, सेंद्रिय कर्ब भराभर जळतो आणि उघड्या शेतावरून जोराचा वारा गेला की कोवळ्या रोपांना वाळूचे कण अक्षरशः कापतात. शिवाय नांगर दरवर्षी त्याच खोलीवर चालला तर कडक थर आपणच बांधतो.

शून्य मशागतीत धसकट वर राहते, ओल टिकते, वारा थोपतो. पण सेंद्रिय पदार्थ कमी असलेली वाळू नुसती न नांगरल्याने भुसभुशीत होत नाही. भारी जमिनीत जे काम भेगा आणि गांडुळे करतात ते इथे होत नाही. कण पावसाने आणि चाकांनी एकमेकांत बसत जातात आणि वरचा थर घट्ट होतो. दोन-तीन वर्षांनी पीक खुरटले की दोष शून्य मशागतीला दिला जातो. खरे म्हणजे कडक थर न फोडता ती सुरू केलेली असते.

मला पटणारा मार्ग असा. खड्ड्यात कडक थर दिसला असेल तर तो एकदाच सबसॉयलरने (माती न उलथता खोलवर चिरणाऱ्या अवजाराने) फोडा. फाळ थराच्या खाली पाच-सात सेंटिमीटर चालला पाहिजे. वेळ वाफशाची निवडा. वाळू खोलवर चिंब असेल तर फाळ नुसती चीर पाडतो, आणि कोरडी ठक्क असेल तर डिझेल जाते आणि ढेकळे वर येतात. त्यानंतर ट्रॅक्टर आणि मळणी यंत्राच्या चाकांचे रस्ते कायमचे ठरवून टाका. फोडलेल्या वाळूवर एकदा जड गाडी गेली की खर्च पाण्यात. मग उथळ मशागत किंवा थेट पेरणी करा आणि सोटमुळाच्या ल्युपिनला वाट उघडी ठेवायला लावा. ल्युपिनचे मूळ कुजल्यावर जी पोकळ नळी उरते तिच्यातून पुढचा गहू खाली उतरतो. ओंबी निसवल्यावर असा खड्डा खणला तर गव्हाची बारीक पांढरी मुळे त्या काळपट नळीत गुच्छाने उतरलेली दिसतात. ते दृश्य एकदा पाहिले की बेवड म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

एक पथ्य: पेरणीपासून पीक जमीन झाकेपर्यंत निदान अर्धी जमीन धसकटाने किंवा काडाने झाकलेली राहू द्या. गव्हाचा काड ल्युपिनआधी शेतातच पसरायला काहीच हरकत नाही. कुजताना तो मातीतला नत्र ओढून घेतो खरा, पण ल्युपिन आपला नत्र स्वतः बांधते. उलट मातीत नत्र कमी असला की गाठी जास्त जोमाने धरतात. काडामुळे पावसाचे थेंब माती उडवत नाहीत आणि मातीतल्या बीजाणूंमुळे पानांवर पडणारे तपकिरी ठिपकेही कमी होतात.

पायरी पाचवी: ल्युपिनची पेरणी

जमीन कामाला आली की लवकर पेरा. थंड हवामानात ते वसंताच्या सुरुवातीला, मातीचे तापमान चार-पाच अंशांवर आले की पेरतात. दोन-तीन आठवडे उशीर झाला तर फुलोरा उन्हाच्या तडाख्यात सापडतो, फुले गळतात आणि मुख्य दांड्यावरच्या शेंगा हातच्या जातात.

ल्युपिनच्या डाळी उगवताना जमिनीबाहेर येतात, म्हणून खोल पेरू नका. तीन सेंटिमीटर उत्तम, वरची वाळू सुकी असेल तर चार. अरुंद पानांच्या वाणाला चौरस मीटरला १०० च्या आसपास रोपे लागतात, पांढऱ्याला ५० ते ७०. बियाणे गोणीच्या हिशेबाने नको, दाण्याच्या वजनाने काढा: चौरस मीटरला हवे असलेले दाणे गुणिले हजार दाण्यांचे वजन ग्रॅममध्ये, भागिले उगवणीची टक्केवारी. ११० दाणे, हजार दाण्यांचे वजन १५० ग्रॅम आणि उगवण ८५ टक्के असेल तर हेक्टरी १९४ किलो.

शेतात ल्युपिन पहिल्यांदाच येत असेल तर जिवाणू संवर्धकाला पर्याय नाही, आणि तो ल्युपिनचाच हवा. वाटाणा किंवा सोयाबीनचे संवर्धक इथे उपयोगाचे नाही. पेरणीच्याच दिवशी सावलीत बियाण्याला लावा, बुरशीनाशकाशी जुळते का हे पाकिटावर पाहा.

सहा-सात आठवड्यांनी तपासणी करा. झाड उपटू नका, गाठी मातीत राहून जातात. फावड्याने मातीसह उचला आणि बादलीभर पाण्यात हलकेच धुवा. ल्युपिनची गाठ वाटाण्यासारखी सुटी लोंबत नाही. ती सोटमुळाला गळपट्ट्यासारखी वेढून बसते. नखाने चिरून बघा. आत गुलाबी-लाल रंग म्हणजे काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट म्हणजे नत्र बांधला जात नाही.

नत्राचे खत ल्युपिनला देऊ नका. स्फुरद आणि पालाश माती परीक्षणानुसार. मँगेनीज कमी असलेल्या वाळूत अरुंद पानांच्या ल्युपिनचा दाणा शेंगेतच शिवणीवर फाटतो. झाड बाहेरून निरोगी दिसत असल्याने हे मळणीच्या वेळीच लक्षात येते. अशा शेतात मुख्य दांड्याचा फुलोरा संपता संपता, शेंगा दोन-तीन सेंटिमीटरच्या असताना मँगेनीजची फवारणी करावी लागते.

तण ही ल्युपिनची सर्वांत दुखरी जागा. रोप सुरुवातीला सावकाश वाढते, ओळी मिटायला वेळ लागतो, आणि उगवणीनंतर रुंद पानांच्या तणांवर फवारता येतील अशी औषधे फार थोडी आहेत. म्हणून लढाई पेरणीआधी जिंकायची. तणाची पहिली लाट उगवू द्या आणि ती मारूनच पेरा. पेरणीनंतर तीन-चार दिवसांत, कोंब वर येण्याआधी हलके दाताळे फिरवा. उगवताना मात्र हात लावू नका. तीन-चार पाने झाली की दुपारी, झाड थोडे मलूल आणि लवचिक असताना पुन्हा फिरवता येते.

रोगांत करपा सर्वांत घातक, विशेषतः पांढऱ्या ल्युपिनला. शेंडा पीळ घातल्यासारखा वाकतो आणि त्या वळणात नारिंगी-गुलाबी ठिपका दिसतो. तो बियाण्यातून येतो, म्हणून रोगमुक्त बियाणे हाच खरा बंदोबस्त. त्याच शेतात ल्युपिन चार वर्षांच्या आत परत घेऊ नका.

पायरी सहावी: ल्युपिन काढल्यापासून गहू पेरेपर्यंत

या काळाकडे कुणी फारसे पाहत नाही, आणि इथेच सर्वांत जास्त गळती होते.

आधी एक गैरसमज दूर करू. ल्युपिन हेक्टरी दीडशे किलो नत्र बांधते हे खरे असू शकते, पण ते सगळे गव्हाला मिळत नाही. दोन टन दाणा निघाला आणि त्यात ३४ टक्के प्रथिने असतील, तर जवळपास ११० किलो नत्र दाण्याबरोबर शेताबाहेर गेला. समजा एकूण झाडात १८० किलो नत्र होता आणि त्यातला १४५ किलो हवेतून आला. मग जमिनीची निव्वळ कमाई ३५ किलोच्या आसपास. गव्हाचे खत ठरवताना ल्युपिनच्या खात्यात ३० ते ५० किलो धरणे सुरक्षित. पीक फसले असेल तर त्याहून कमी.

आता हा नत्र कुठे जातो ते बघा. पाने आणि मुळे कुजून नायट्रेट तयार होते, आणि नायट्रेट पाण्याबरोबर सरकते. पाऊस जमिनीच्या धारणक्षमतेपेक्षा १०० मिलिमीटर जास्त झाला, तर पोयट्यात नायट्रेट ३०-३५ सेंटिमीटर खाली जाते. वाळूत तेच ७० सेंटिमीटर ते एक मीटर जाते, कारण वाळू धरते कमी, म्हणून तेवढेच पाणी तिथे दूरवर पोहोचते. एका ओल्या हिवाळ्यात बेवडाची सगळी कमाई मुळांच्या खाली निघून जाऊ शकते.

यावर उपाय साधे आहेत. ल्युपिन काढल्या काढल्या खोल नांगरट करू नका. माती हलवली की नायट्रेटचा लोंढा सुटतो. धसकट वर राहू द्या आणि गहू पेरणीच्या वेळीच काय ती उथळ मशागत करा. ल्युपिनची खोडे लाकडासारखी, सावकाश कुजणारी असतात. ती न गाडता ठेवली तर त्यांतला नत्र वसंतात, गहू मागेल तेव्हा मिळतो. ल्युपिन लवकर निघून पेरणीला सहा-सात आठवडे असतील तर मोहरीवर्गीय पिकासारखे भराभर वाढणारे पीक मध्ये घ्या. ते नायट्रेट पानांत साठवते. बी धरण्यापूर्वी ते मोडा.

कापणीला उशीर नको. शेंगा तपकिरी होऊन दाणे आत खुळखुळले, ओलावा १४-१५ टक्क्यांवर आला की काढा. शेंगा तडकत असतील तर सकाळच्या दमट हवेत काम करा. बियाण्याचा माल असेल तर मळणीचा वेग कमी ठेवा. डाळीत पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, उगवण मात्र मरते. धसकटावर मेंढ्या सोडायच्या असतील तर सावध राहा. पावसाने भिजलेल्या ल्युपिनच्या खोडावर वाढणारी एक बुरशी असे विष तयार करते की जनावरांचे यकृत निकामी होते.

पायरी सातवी: गहू

हिवाळी गव्हाला कोंब फुटल्यावर चार ते आठ आठवडे शून्य ते आठ अंशांची थंडी मिळावी लागते, तरच तो ओंबीकडे वळतो. म्हणून तो शरदात पेरतात. हलक्या जमिनीत पेरणी फार लवकर केली तर तण, मावा आणि मूळकूज वाढते. फार उशीर झाला तर मूळ खोल जात नाही आणि ल्युपिनने ठेवलेला नत्र त्याच्या हाती लागत नाही. ल्युपिनच्या बेवडावर मूळकुजीची भीती कमी असते, म्हणून आपल्या भागातल्या पेरणीच्या काळाचा पहिला अर्धा निवडायला हरकत नाही.

तीन-चार सेंटिमीटर खोल पेरा, चौरस मीटरला ३०० ते ३५० उगवणारे दाणे पुरेत. दाट पेरून फायदा नाही. जास्त फुटवे म्हणजे दाणे भरण्याआधीच जास्त पाणी पिणारी तोंडे. पेरणीनंतर रोलर फिरवा. सैल वाळूत बियाण्याला मातीची मिठी बसत नाही, ओल चढत नाही आणि मँगेनीजही कमी मिळते. ट्रॅक्टरच्या चाकोरीत गहू हिरवा आणि बाजूला फिकट दिसला, तर दुखणे हेच समजा.

नत्राचा हिशेब टनामागे २५ ते ३० किलोचा धरा. हलक्या जमिनीवर चार टनांची खरी अपेक्षा असेल तर पिकाला १०० ते १२० किलो लागेल. त्यातून ल्युपिनचा आणि जमिनीतून मिळणारा वाटा वजा करा. शरदात एक किलोही देऊ नका. पहिला हप्ता वसंतात वाढ सुरू होताना, दुसरा आणि सर्वांत मोठा पहिली कांडी धरताना, तिसरा पोटरीच्या (ओंबी पानाच्या आवरणात फुगण्याच्या) आधी. पण तिसरा देण्याआधी खड्डा पाहा. मुठीत माती कोरडी लागत असेल आणि पाऊस दिसत नसेल तर तो हप्ता गोणीतच राहू द्या. कोरड्या वाळूवर टाकलेला नत्र पीक घेत नाही आणि हंगामानंतर तो झिरपून जातो. गंधकही नायट्रेटसारखाच निसटतो, म्हणून पहिल्या हप्त्याबरोबर १० ते २० किलो द्या. पालाशाचा मोठा साठा वाळूत करता येत नाही. तो दरवर्षी थोडा थोडा.

पाणी देण्याची सोय असेल तर कांडी धरण्यापासून दाण्यात चीक भरेपर्यंतचा काळ सांभाळा. एका वेळी २० ते २५ मिलिमीटरच. त्याहून जास्त पाणी मुळांखाली जाते आणि नत्रालाही सोबत नेते.

आणि सुरुवातीच्या त्या पांढऱ्या ओंब्या. त्या तहानेच्याच असतील असे नाही. गव्हावर गहू घेतलेल्या हलक्या जमिनीत टेक-ऑल नावाची मूळकूज अगदी तसेच रूप घेते. अशी चार ताटे खणून काढा, मुळे धुवा. मुळे पांढरी-तपकिरी पण आखूड किंवा कडक थरावर वळलेली असतील तर पाणी आणि थर. मुळे आणि खोडाचा तळ कोळशासारखा काळा, चकचकीत असेल तर बुरशी. तिच्यावर खताचा उपाय चालत नाही. एक वर्ष तृणधान्य न घेणे हाच उपाय, आणि ल्युपिन नेमके तेच करते.

पायरी आठवी: आपल्याच शेतात पडताळा

इथले आकडे दिशा दाखवतील; तुमच्या वाळूचे उत्तर तुमच्या पट्ट्यांतच सापडेल. यंत्राच्या रुंदीचे लांब पट्टे आखा. एकात थर फोडलेला, शेजारी न फोडलेला. एकात ल्युपिननंतर गहू, शेजारी गव्हावर गहू. ल्युपिनच्या बेवडावर ३० किलो नत्र कमी दिलेला एक पट्टा ठेवाच. प्रत्येक प्रकार तीनदा, शेताच्या वेगवेगळ्या भागांत, कारण एकटा पट्टा योगायोगाने चांगल्या जागी पडू शकतो. मळणी पट्ट्यापट्ट्याने करून वजन लिहा आणि हजार दाण्यांचे वजनही घ्या. एकूण उत्पादन सारखे दिसले तरी दाण्याचे वजन वाढलेले असेल, तर शेवटच्या आठवड्यांत त्या पट्ट्याला पाणी पुरले. हिशेब ल्युपिन पेरल्यापासून पुढचा गहू निघेपर्यंत, दोन्ही पिकांचा एकाच पानावर मांडा, आणि पानाच्या कोपऱ्यात त्या काळात पडलेला पाऊसही लिहून ठेवा.